लूटनचं स्टेडियम आणि परसातली धुणी

ती. अनिलमामा,

शारजाहून वाकून नमस्कार. (एसीखाली झोपून कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलोय, उरलेला समक्ष.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे आईकडून कळलं, बरं वाटलं.

पत्रास कारण, माझ्या हातून एक स्टेडियम झालं. आमच्या गोदामाचे साहेब, कॉलिन, बावीस वर्षांनी रिटायर होऊन इंग्लंडला परत निघाले. निरोपाला काय द्यायचं यावर दुबईतल्या अल क्वोजच्या ऑफिसात मीटिंग झाली. घड्याळ, पेन, पितळी उंट असं सगळं बाद झाल्यावर मी (कुणी विचारलं नसताना) म्हणालो, साहेबांच्या गावच्या फुटबॉल स्टेडियमचं मॉडेल मी करतो, आमच्या मामांच्या गणपतीच्या मखराला मिरजेत तीनदा बक्षीस मिळालंय. मखर तुम्ही करायचात आणि मी नुसती डिंकाची बाटली धरायचो, हे सांगायचं राहून गेलं.

साहेबांचं गाव लूटन. मामा, काहीतरी भव्य असेल म्हणून मी इंटरनेट उघडलं, तर ते स्टेडियम १९०५ पासून घरांच्या दाटीत अंग चोरून उभं आहे. एका बाजूला तर इतकी अडचण की तिथे मोठ्या स्टँडऐवजी काचेच्या खोल्यांची रांग आहे. मध्यंतरी काही वर्षं गवतसुद्धा प्लास्टिकचं होतं. आणि पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांचं दार चक्क राहत्या घरांच्या रांगेत. तिथून आत शिरायचं, जिना चढायचा आणि लोकांच्या परसातली धुणी बघत बघत मॅचला पोचायचं. (असल्या मैदानावरून हा क्लब २०२३ साली देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये गेला. आता म्हणे नवं स्टेडियम बांधणार आहेत.)

हे ऐकून कुंदाला आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉलमध्ये रस आला. स्टँड माझे, परसं तिची, अशी वाटणी झाली. तिने टूथपिकांना दोरे बांधून नखाएवढे टॉवेल, चादरी, पायमोजे वाळत घातले. अस्मी दर अर्ध्या तासाने येऊन "बाबा, दॅट्स नॉट टू स्केल" एवढंच म्हणून जायची. खरं होतं ते. एक चादर गोलपोस्टपेक्षा मोठी झाली होती. पहिला स्टँड मी भलत्याच गोंदाने चिकटवला, तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळला. मग वर्कशॉपातल्या मुश्ताकभाईंनी प्लायवुडचा करून दिला. निरोपाच्या दिवशी मॉडेल गाडीत ठेवून मी दहा मिनिटांसाठी ऑफिसात गेलो आणि साहेबांच्या कौतुकात तासभर अडकलो. जुलैचं ऊन. परत येऊन बघतो तर छप्पर बसलेलं, प्लास्टिकच्या केलेल्या काचेच्या खोल्या वाकलेल्या, गोलपोस्ट आडवे. शाबूत फक्त कुंदाची धुणी. मी रडायच्या बेतात होतो. मुश्ताकभाई म्हणाले, "यल्ला सुजीतभाई, जैसा है वैसा ले चलो."

चाळीस माणसांसमोर ते टेबलावर ठेवलं. साहेब वाकून बघत राहिले. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि एका परसावर बोट ठेवलं. हळूच म्हणाले, "मॅचच्या दिवशी आई धुणं बाहेर घालायची नाही. जिन्यावरून जाणारे लोक शिट्ट्या मारायचे."

मामा, साहेब त्याच रांगेतल्या तिसऱ्या घरात वाढलेले. बावीस वर्षांत कुणापाशीच बोलले नव्हते. मग ते जे हसत सुटले ते टायने डोळे पुसेपर्यंत. मुश्ताकभाईंना मिठी मारली, मला मारली, चहावाल्यालाही मारली. पुढे तासभर त्या जिन्याच्या गोष्टी सांगत होते, आणि निरोपाची भाषणं करायची सगळे विसरले. मी तर घरी येईपर्यंत गाडीत एकटाच हसत होतो.

कुंदा आणि अस्मीचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमचा भाचा,
सुजीत

ता.क. आनंदाच्या भरात मी साहेबांना म्हणालो, मिरजेला या ना एकदा, मामांकडेच उतरा. आपल्यात यावर "येऊ की" म्हणतात आणि कुणी येत नाही. यांनी डायरी काढून तारीख विचारली.

ता.क. २. मी गडबडून सांगितली. मागची खोली तेवढी रिकामी करून ठेवा. तिखट चालतं म्हणतात, विश्वास ठेवू नका.

ता.क. ३. मामींना पत्र सहीपर्यंतच वाचून दाखवा. साहेब येत्या मंगळवारी सकाळी पोचतायत. कुरियरवाला म्हणतो, पत्र सोमवारी मिळेल. इन्शाल्ला.