धाकट्याला न बोलण्याचा आठवडा

सोमवार, ४
धाकटा भाऊ म्हणतो, दादा, उठता-बसता बोलणी खाऊन रंधा चालत नाही माझा. शनिवारी डॉक्टरबाईंचं कपाट पोचवलं की मी वेगळा. माझ्याच हाताखाली शिकला हा! मी कोणाकडे शिकलो नाही, त्यामुळे माझ्या चुका दाखवायला कोणी नव्हतं. परिणामी त्या झाल्याच नाहीत. बायको म्हणाली, तो राहायला हवा असेल तर तोंडाला कुलूप लावा. लावलं. संकल्प: आठवडाभर एकही चूक काढायची नाही.

मंगळवार, ५
अक्षर बोललो नाही. दुकानाबाहेरच्या फळ्यावर फक्त रोजचा सुविचार लिहिला (स्वरचित): 'माणूस सांध्यात पुट्टी भरतो, तशीच चारित्र्यातही.' धाकट्याने विचारलं, हे मला का? म्हटलं, अखिल मानवजातीला. तो म्हणाला, मानवजातीने काल डाव्या दाराला पुट्टी लावली, ती दिसली वाटतं. हल्ली तत्त्वज्ञान कोणाला सोसत नाही.

बुधवार, ६
फळा बंद. नुसतं बघायचं. तर बायकोकडे तक्रार: वहिनी, दादा बोलत नाही पण असा बघतो, की बिजागरी वाकडी बसते. बघत नव्हतो, मनात मोजत होतो. खणाचं माप एकट्याने घेतलं. टेपचं दुसरं टोक नेहमी तो धरतो. पण हाक मारली असती तर बोलल्यासारखं झालं असतं.

गुरुवार, ७
मधला खण दोन सूत आखूड. टेप जुना झालाय. फटीत भुसा आणि गोंद भरून घासून काढलं. ही पुट्टी नव्हे. पुट्टी म्हणजे लबाडी. भुसा मुळात लाकूडच, लाकडाचं लाकडाला परत केलं. शिवाय हेतू शुद्ध. धाकट्याने पाहिलं आणि गप्प राहिला. थोरल्याची चूक प्रेमाने सांगावी, एवढंही वळण नाही.

शुक्रवार, ८
डॉक्टरबाई आल्या. बोट नेमकं तिथेच फिरवलं. डॉक्टरांना दुखरी जागा बरोबर सापडते. विचारलं, हे कोणाचं काम? खरं सांगणारच होतो, पण खऱ्याला आधी घसा खाकरावा लागतो. तेवढ्यात तोंडून निघालं, धाकट्याचं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, हो बाई, माझंच. नवा खण करून देतो. संध्याकाळपर्यंत दिलाही. केसभर फट नाही. किती सुधारलाय! माझ्या मौनाचा गुण.

शनिवार, ९
कपाट पोचलं. परत आल्यावर त्याने आपल्या पटाशा पिशवीत भरल्या, धारेवर धार येईल अशा. टोकलं नाही. बायको दारातून खुणावत होती, अहो, बोला ना काहीतरी! कमाल आहे. कुलूप लावा म्हणणारीही हीच. मी संकल्प मोडला नाही. तो पिशवी उचलून गेला.

सोमवार, ११
लांब फळी मोजायला घेतली. सवयीने म्हटलं, धर रे. टेप सुटला, सटकन मागे आला, बोट कापलं. पुन्हा लावला. पुन्हा सुटला.
टेप बदलायला हवा.