एकच प्रत

६ जानेवारी २०२५, सोमवार
आज तळ्याकाठच्या उणकलला आले. पद्मनाभ सर निवृत्त प्राध्यापक, गोदूबाई त्यांच्या पत्नी. घरात दोघंच. मुलगी श्रीनिधी ऑस्ट्रेलियात असते म्हणे. मला तिचीच खोली दिली आहे, माडीवर. खिडकी उघडली की तळ्याचा वारा सरळ आत! अळणावरजवळच्या आमच्या गावात सगळे विचारायचे, ज्योती, कंप्युटर शिकून करणार काय? आता सांगीन, लोकांच्या आठवणी नीट लावून देते.
कामही आवडलं. तीन जुने फोन, दोन कॅमेरे, शंभरेक सीड्या आणि बिस्किटाचा डबा भरून पेनड्राइव्ह. सगळे फोटो एका हार्डडिस्कवर आणायचे, दुबार असतील ते काढायचे, वर्षाप्रमाणे फोल्डर करायचे, चेहऱ्यांना नावं द्यायची. महिनाभर राहून करायचं. जेवायला ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी होती. आईला फोन केला. ती म्हणाली, पोटभर जेवलीस ना, मग झालं.

८ जानेवारी, बुधवार
चौदा हजार फोटो आले, त्यातले निम्मे दुबार. एका मुंजीचे तेच फोटो सात ठिकाणी! सरांना म्हटलं, डिस्क कधीही दगा देते, दुसऱ्या डिस्कवर एक प्रत ठेवू या. ते नको म्हणाले. दोन प्रती झाल्या की खरी कुठली ते कळत नाही, म्हणाले. मला हसू आलं. जुनी माणसं.

११ जानेवारी, शनिवार
चेहरे ओळखणारा प्रोग्रॅम लावला. एका श्रीनिधीच्या त्यानं तीन वेगवेगळ्या बायका ठरवल्या. आधी वाटलं, त्याचीच चूक. मग फोटो शेजारी शेजारी लावून बघितले. एकीला खळी पडते. दुसरीचं कपाळ रुंद. तिसरीच्या भुवईत व्रण. साडी मात्र तीच पोपटी, वेताची खुर्ची तीच, वाढदिवसही तिघींचा ३ मार्च.
सरांना दाखवलं. ते म्हणाले, वयानं माणूस बदलतं, तिघींना एक कर. प्रोग्रॅमनं विचारलं, या व्यक्ती एकच आहेत का? मी ‘हो’ दाबलं. त्यांचं घर, त्यांची मुलगी. मी कोण नाही म्हणणार? पण दाबायला नको होतं.

१२ जानेवारी, रविवार
माझा फोन भरलाय हे सरांच्या लक्षात आलं. तुझेही फोटो डिस्कवर ठेव, म्हणाले, सुरक्षित राहतील. किती चांगली माणसं! मी नुसते कॉपी करणार होते. त्यांनी माझ्या हातातून माउस घेऊन सगळे हलवले. फोन एकदम रिकामा झाला. मन चुकचुकलं, पण ‘ज्योती’ नावाचं फोल्डर डिस्कवर दिसलं, तेव्हा बरं वाटलं.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. गोदूबाईंनी मला पोपटी साडी नेसवली. वेताच्या खुर्चीत बसवून सरांनी फोटो काढला. नको म्हणायचं सुचलंच नाही.
दुपारी डिस्क उघडली. ‘ज्योती’ फोल्डर नाही. माझे सगळे फोटो ‘श्रीनिधी, लहानपण’ मध्ये. पहिलीतल्या फोटोत आईनं माझा हात धरला होता. आता फोटोत मी एकटीच, हात तसाच बाजूला उचललेला.
माझ्या मोठ्या भावाला, गणेशअण्णाला फोन केला. त्यानं विचारलं, कोण? ज्योती, म्हटलं. कोण ज्योती, राँग नंबर लागला असेल, म्हणाला. अण्णाला थट्टा करताना हसू आवरत नाही. तो हसत नव्हता.

१५ जानेवारी, बुधवार
सकाळीच निघाले. फाटकाला कुलूप नव्हतं, कुणी अडवलंही नाही. चिगरी म्हणतात त्या शहरबसनं धारवाड, तिथून गावची गाडी. दुपारी पोचले तेव्हा आई अंगणात मिरच्या पसरत होती. मला बघून उठली, पदर सावरला.
“कुणाकडं आलीस गं पोरी?”
मी तिच्या गळ्यात पडले. ती घाबरली, मग पाठीवरून हात फिरवत राहिली. गूळ-पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, घरातल्या खुणा सांगितल्या. बाबा म्हणाले, डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय बिचारीच्या. माझ्या फोनमध्ये त्यांना एकच नंबर सापडला, सरांचा. त्यावर त्यांनी फोन लावला.
चार वाजता सरांची गाडी आली. त्यांनी हात जोडून माफी मागितली. भिंतीवर माझा दहावीचा फोटो होता. आईनंच तो काढला, पदरानं पुसला आणि सरांच्या हातात दिला.
“ही तुमचीच दिसते. आमच्या घरात कशी आली, कुणास ठाऊक.”

१६ जानेवारी
फोटो स्कॅन करून डिस्कवर गेला. कागद चुलीत.
शेजारच्या पार्वतीबाईंनी कुंपणावरून विचारलं, श्रीनिधी, ऑस्ट्रेलियाहून कधी आलीस?
गोदूबाई माझी वेणी घालताना बोलल्या. पहिली, खळीवाली, त्यांच्या पोटची. तापानं गेली. नंतर आणलेल्या दोघींच्या मूळ घरी एकेक फोटो राहून गेला होता. त्यांना मधूनमधून आठवायचं. मग एकेक करून दोघी तळ्याकडं गेल्या, परत आल्या नाहीत. तुझं तसं होऊ देणार नाही, म्हणाल्या. रडत होत्या. हात फार मऊ त्यांचे.

१७ जानेवारी
फोटो फोनवर परत घ्यायला गेले. येत नाहीत. नाव बदलतच नाही.
फाटक उघडंच असतं. जाऊ कुठं?
हातोडी आणली होती. डिस्क फोडावी — पण मी तेवढ्यातच आहे. ती फुटली तर मी कुठंच —
हातोडी जागेवर ठेवली.

१८
सर म्हणाले, वहीसुद्धा स्कॅन करायची आहे. हस्ताक्षर राहू नये.
पटपट लिहिते. आई जनाबाई. बाबा भीमराव. आमची गाय, तिचं नाव — गावाला जाताना एक ओढा लागतो, त्याच्या पलीकडं — गावाचं नाव आत्ता होतं —
जिन्यावर पावलं.
माझं नाव वर लिहिलंय. पहिल्या पानावर. ते वाचते, पण ते कुणाचं —
आई हाक मारतेय खालून. वेणी घालायला. आले गं — नाही. ती नाही. आई म्हणजे मिरच्या — अंगणात मिरच्या पसरणारी कोण ती —