ड्रम सँडर कोणाकडे जावा

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विमानतळावरच्या जकात खात्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणण्याचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख पुढे येईल. मुलाने एक वकील सुचवला होता, म्हणून मी दुसरा केला. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे आणि ते डॉक्टर मुलीच्या ओळखीतले नाहीत. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. कपाटातली त्याची जागा एकदा बदललेली मला दिसली होती.

कलम १. राहते घर मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे. वरच्या खोलीवरून भांडू नये. लहानपणी ती दोघांनाही नको होती, कारण तिचे दार माझ्या खोलीतून दिसायचे.

कलम २. बँकेतील ठेवी मुलीला. तिने माझ्याकडे कधीच काही मागितले नाही, याचाच मला बरीच वर्षे संशय यायचा. आता वाटते, तिला खरोखरच नको असावे.

कलम ३. थोरल्या जाऊबाईंना काहीही नाही. कारण त्यांना ठाऊक आहे. इतरांनी त्यांनाच विचारावे आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा पाहावा.

कलम ४. कुंपणापलीकडे राहणाऱ्या निवृत्त मास्तरांनी माझ्या यंत्राच्या आवाजाबद्दल नगरपालिकेत तक्रार केली होती. यंत्र चालवताना मी कानांवर लावते ती जाड झाकणे त्यांना द्यावीत. माझ्यामागे ती त्यांच्याच उपयोगी पडतील.

कलम ५. घरामागचे गॅरेज, त्यातली सर्व हत्यारे आणि ड्रम सँडर. हे कलम लांब आहे, कारण घरात जो काही तमाशा झाला तो यावरूनच झाला.

यजमान गेल्यावर मी गाडी विकली आणि गॅरेजात लाकूडकाम सुरू केले. मला टेबले करायला आवडतात. फळ्या जोडून वरचा पृष्ठभाग सपाट करायचा, तर हाताने घासता घासता खांदा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, टेबल तरी सोडा नाहीतर खांदा. मी ड्रम सँडर घ्यायचे ठरवले. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: एक जाडजूड रूळ, त्यावर पॉलिश पेपर गुंडाळलेला, आणि खाली सरकता पट्टा. फळी पट्ट्यावर ठेवली की रुळाखालून जाते आणि पलीकडे सपाट होऊन निघते.

मुलाला सांगितले तेव्हा तो गप्प बसला. हा गप्प बसला की मी कान टवकारते. पुढे कळले, गॅरेज भाड्याने द्यायचे त्याने कोणाशी तरी बोलून ठेवले होते.

नव्या यंत्राच्या दुकानदाराने दहा मिनिटांत मला तीनदा ‘आजी’ म्हटले, म्हणून मी बाहेर पडले. मग जाहिरात दिसली: वापरलेला ड्रम सँडर, जागेअभावी विकणे आहे. विकणारे गिटार बनवत. मी त्यांना गिटारवाले म्हणते. त्यांच्या कारखान्यात गेले तर अर्धी खोली मोकळी. ‘जागेअभावी’ या शब्दावर मी तिथेच मनात खूण केली. ते डाव्या हाताने यंत्र दाखवत होते आणि उजवा हात एप्रनच्या खिशातून निघत नव्हता. लोकांच्या बॅगा उघडण्यात माझा जन्म गेला आहे. खिशातला हात मला दिसतो.

“हात बाहेर काढा,” मी म्हटले. सवयीने तोंडातून गेले.

त्यांनी काढला. तो थरथरत होता, वाऱ्यात दोरीवरचा रुमाल थरथरावा तसा.

“यंत्र धडधाकट आहे, बाई,” ते म्हणाले. “असे हात पाहिल्यावर गिटार कोण करून घेणार? म्हणून जागेचं सांगतो.”

मला वाईट वाटले. तरीही मी पिशवीतून माझ्या दोन पट्ट्या काढल्या. एकाच फळीतून फाडलेल्या, एकाच जाडीच्या. एक रुळाच्या डाव्या टोकाखालून घातली, एक उजव्या, आणि मापून पाहिल्या. रूळ तिरका बसवलेला असेल तर तिथे चोरी पकडली जाते. दोन्ही सारख्या निघाल्या.

“दुःखी माणसाचं यंत्रही तपासता तुम्ही,” ते म्हणाले.

“दुःखी माणसांचं जास्त,” मी म्हटले.

ते हसले. त्यांनी सांगितला तो भाव मी दिला. जन्मात पहिल्यांदा घासाघीस केली नाही; पुढची सगळी घासाघीस यंत्रच करणार होते.

ते यंत्र बसवून द्यायला आले. मग पट्टा सरकतो का पाहायला आले. मग काही कारण न काढता येऊ लागले. मी त्यांच्यावर पाळत ठेवली हे लपवत नाही. ते गेले की पटाश्या मोजायची. एकदा मुद्दाम पाकीट बाकावर विसरले. त्यांनी ते भुसा झटकून खिडकीत ठेवले, एवढेच. हळूहळू लक्षात आले की ते माझ्यासाठी येत नाहीत, यंत्रासाठी येतात. फळी पट्ट्यावर ठेवली की पुढे ती यंत्रच नेते. ठेवणारा हात थरथरतो की नाही, हे फळीला कळत नाही. त्या यंत्रापाशी उभे असले की ते पुन्हा कारागीर असायचे.

मग मुले आली. दोघे एकदम आली, सुट्टी नसताना, म्हणजे आधी फोनवर ठरलेले.

“आई, हा माणूस कोण?” मुलगा म्हणाला.

“यंत्र विकणारा.”

“विकून झालं ना? मग रोज काय करतो इथे? घरावर डोळा आहे त्याचा.”

मुलगी म्हणाली, “दादा जरा कडक बोलतो, पण तू एकटी असतेस गं. कागदावर सही वगैरे मागितली का त्यांनी?”

मला राग आला. राग याचा की माझ्या पोटातली शंका त्यांच्या तोंडून आली. रात्रंदिवस डोक्यात भुंगा. शेवटी मी सापळा लावला. एका दुपारी म्हटले, “गिटारवाले, हे गॅरेज आणि यंत्र तुमच्या नावे करते आहे.” आणि चेहऱ्याकडे पाहत बसले.

त्यांनी यंत्र बंद केले. एप्रन खिळ्याला अडकवला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्या आठवड्यात आले नाहीत. मी फळ्या घासत राहिले, पण मजा गेली होती. अखेर त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडले.

“न येण्यासारखं काय बोलले मी?” मी विचारले.

“तुमचा मुलगा आला होता माझ्याकडे. तुम्हाला काय हवंय ते सांगा आणि विषय संपवा, म्हणाला. मी म्हटलं, मला काही नको. आता तुम्ही लिहून दिलंत, तर त्याच्यासमोर मी खोटा ठरतो.”

मुलगा गेला होता, हे मला त्या दारात उभी असताना कळले. माझ्या पोटच्या पोराने, मला न विचारता. पण शिकला कोणाकडून, हेही मला ठाऊक आहे.

“मग अट सांगा,” मी म्हटले.

“माझ्या नावाने काही लिहायचं नाही. सुतळीचा तोडासुद्धा नाही.”

“कबूल.”

दुसऱ्या सकाळी ते आले. मी पटाश्या मोजणे सोडले.

कलम ६. सबब, गॅरेज, हत्यारे आणि ड्रम सँडर मी मुलाच्या नावे करत आहे. हे वाचून त्याला धक्का बसेल. बसू दे. यावर माझी एकच अट आहे. गॅरेजात भिंतीला टेकून एका मोठ्या जेवणाच्या टेबलाच्या फळ्या ठेवल्या आहेत. त्या अजून घासायच्या आहेत. लांब फळीला दोन माणसे लागतात: एकाने अलीकडून घालायची, दुसऱ्याने पलीकडून धरायची. धरणाऱ्याने ओढली किंवा सोडली, तर फळीच्या टोकाला खड्डा पडतो. मुलाने फळ्या घालाव्यात आणि पलीकडे गिटारवाले असावेत. टेबल पूर्ण झाले की गॅरेज भाड्याने द्यायचे की नाही, हे त्याने ठरवावे. त्याआधी नाही.

वकील म्हणाले, “बाई, ही अट कोर्टात टिकायची नाही.”

मी म्हटले, “टिकायची गरज नाही. त्याला मोठ्याने वाचून दाखवा.”

कलम ७. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी मला समजावून सांगितले. गिटारवाल्यांना यातून काहीही मिळत नाही. म्हणून दुसरे साक्षीदार तेच आहेत. यावर मुलाला शंका असल्यास त्याने हे कलम पुन्हा वाचावे.

वरील मजकूर मी दोनदा वाचून पाहिला आणि साक्षीदारांदेखत सही केली.

सही: घरमालकीण

साक्षीदार पहिला: नाक्यावरचे दातांचे डॉक्टर. घाईत होते, पण सगळे वाचून सही केली.
साक्षीदार दुसरा: गिटारवाले. न वाचता सही करत होते. मी वाचायला लावले. सहाव्या कलमापाशी थांबले आणि म्हणाले, “तो येईल?” मी म्हटले, “माहीत नाही.” मग त्यांनी सही केली.

ठिकाण: घरामागचे गॅरेज
दिनांक: ९ मार्च