दोन श्रावणांची नोटीस

निपाणी, ता. २४ जुलै १९२८

चि. शामू यास परशराम आप्पाचे अनेक आशीर्वाद.

अक्काताईचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, पण पोरीला आई नाही, माझ्या घरात बाईमाणूस नाही. म्हणून मीच वडगावला तिच्याकडं कायमचं राहायला जायचं ठरवलं. गेल्या बुधवारी, प्रतिपदेला, वखारीचे मालक दत्तोपंत यांना सांगितलं की तंबाखूच्या काट्यावरचं काम सोडतो. कधी, असं त्यांनी विचारलं. श्रावण संपला की, असं मी म्हणून बसलो. घरी पंचांग उघडतो तर यंदा श्रावण दोन! अधिक आणि निज धरून सुटायला सप्टेंबर उजाडणार, आणि सुईण तर नागपंचमीच्या आसपास म्हणते. शब्द मोडून गेलो तर मालक दावा लावतील काय रं? तू वकिलांकडं लिहिण्याच्या कामाला आहेस, विचारून लगेच कळव. अन्न गोड लागत नाही.

तुझ्या पत्राकडं डोळे लावून बसलेला,
परशराम

बेळगाव, ता. २७ जुलै १९२८

तीर्थस्वरूप आप्पांस शामूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून हसू आलं, माफी असावी. वकीलसाहेब म्हणाले, वेगळा करार नसेल तर महिन्याच्या पगारावरच्या माणसानं साधारण महिनाभर आधी सांगावं, म्हणजे मालकाला दुसरा माणूस बघता येतो. तुमचा पगार इंग्रजी महिन्यानं होतो, तेव्हा महिनाही तोच धरायचा. अठरा जुलैला सांगितलंत, सतरा ऑगस्टला मोकळे. मात्र तारीख घालून कागदावर लिहून द्या, पोचेची सही घ्या आणि तोवर खाडा करू नका. मालक राजी असले तर आधीही सोडू शकतात. आप्पा, तुम्ही पंचांगाला विचारलंत, मालकांना विचारलंच नाही!

आपल्या मायेचा भुकेला,
शामू

वडगाव, ता. १४ ऑगस्ट १९२८

चि. शामू यास अनेक आशीर्वाद.

बघ, वडगावहून लिहितोय! कागद घेऊन मालकांकडं गेलो. मालक म्हणाले, मी एकच महिना धरला होता, दुसरा श्रावण तुम्हीच आणला. कागद उशिरा दिला तरी तारीख मी तोंडी सांगितलं त्या दिवसाचीच धरली. मग माझ्या जागी घेतलेल्या मष्णूला काटा शिकवला. वजन फुगवणारं ओलं पोतं हाताला कसं लागतं तेही दाखवलं.

परवा मालकीणबाईंनी बोलावलं. अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, तुमच्या घरी करणार कोण, म्हणाल्या, आणि तेहतीस अनारसे बांधून दिले. मालक म्हणाले, वाण अमावास्येच्या आत पोचलं पाहिजे, शेवटचे चार दिवस मी सोडले, निघा. ज्या महिन्याला मी एवढ्या शिव्या घातल्या, त्यानंच मला चार दिवस आधी पोचवलं.

अक्काताई अजून बाळंत व्हायची आहे. मला बघून रडली, मग विचारलं, आप्पा, परत कधी जाणार? मी म्हटलं, तू महिनाभर आधी नोटीस दे, मग जातो. तर म्हणते, तो महिना कुठल्याच पंचांगात न्हाय.

गुंडू जावयांनी तुझ्यासाठी चार अनारसे काढून ठेवलेत. रविवारपर्यंत टिकतील असं वाटत नाही, लवकर ये.

तुझे उपकार आठवत राहणारा,
परशराम आप्पा