डावरीची खुर्ची

१४ मार्च

चि. डावरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघं मजेत आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांची आता सवयच झाली आहे. तू वेळेवर जेवतेस ना? लोकांचे दात सांभाळता सांभाळता स्वतःच्या तोंडात घास घालायचा राहून जातो तुझा.

एक बातमी आहे. तुला कळलीच असेल, तरी सांगते. तिकडच्या आणि आपल्या सरकारचा करार झाला. आता इथली पदवी तिथे चालेल आणि तिथली इथे, दातांच्या डॉक्टरांचीसुद्धा. तू शिकून परत आलीस तेव्हा दंतवैद्यांच्या परिषदेतल्या साहेबांनी तुझी पदवी बाजूला सारून "पुन्हा पहिल्या वर्षापासून शिका" म्हणून सांगितलं होतं, आठवतं? एवढंसं तोंड करून परत गेलीस. आता म्हणे नुसती नोंदणी केली की झालं. मी आपलं माहितीसाठी लिहिते हं. ये म्हणत नाही. तुझं तिथे बस्तान बसलंय, मला कळतं.

बाबांनी मात्र कहर केलाय. बातमी वाचली आणि मेकॅनिकला बोलावून दवाखान्यातली खुर्चीच उलटी लावून घेतली! औजारांचा ट्रे, दिवा, चूळ टाकायचं भांडं, सगळं तुझ्यासारख्या डावखुऱ्या माणसाच्या सोयीने. पहिले काही दिवस जुने पेशंट सवयीने जुन्याच बाजूला वाकायचे. टेलरमास्तरांनी तर बाबांच्या बुटांवरच चूळ टाकली. मी हसून हसून बेजार. म्हटलं, "अहो, ती येते म्हणाली का? आणि तोवर तुम्ही काय डोक्यावर उभं राहून दात काढणार?" तर म्हणाले, "आपल्याच दवाखान्यात पोरीला अवघडल्यासारखं व्हायला नको." तुला सांगू नको असं बजावलंय. सांगितलं बघ.

आता तर पेशंट आला की म्हणतात, "ही खुर्ची माझ्या हाताची राहिली नाही, चौकातल्या डॉक्टरांकडे जा." मला वाटलं, हट्टी माणूस, तुझ्यासाठी अडून बसलाय. मनातून रागच आला होता.

परवा त्यांच्या हातात चहा दिला, तर बशी खडखडायला लागली. कप दोन्ही हातांनी धरला, तरी चहा सांडला. मी फडकं घेऊन पुसायला लागले. मग तेच म्हणाले, उजवा हात थरथरतो, बरेच दिवस झाले. एका बाईच्या हिरडीत सुई भलतीकडे जाता जाता राहिली, त्या दिवसापासून धास्ती घेतलीय. "लोकांना हाताचं सांगण्यापेक्षा खुर्चीचं सांगितलेलं बरं," म्हणाले. डावरे, मला रडूच कोसळलं गं.

डॉक्टरांना दाखवलंय, औषध चालू आहे. जिवाला काही धोका नाही, तेव्हा घाबरून धावत येऊ नकोस. कीव करून आलेली त्यांना चालायची नाही. मलाही नाही. इथे काम करावंसं वाटलं तरच ये.

वर "ये म्हणत नाही" असं लिहिलंय ते खोडणार होते. आता राहू दे.

अजूनही ते रोज सकाळी दवाखाना उघडतात. खुर्ची पुसतात. स्टुलावर बसून डावा हात लांब करतात आणि दिवा नीट पोचतो का ते बघतात. मग कुलूप लावून घरी येतात.

वाटेकडे डोळे लावून बसलेली, पण तसं कबूल न करणारी,
तुझी आई