डाव्या हाताची बोय

ता. कर्जत, जि. अहिल्यानगर
दि. १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

सुकन्याच्या आबांना मनकर्णाचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. तुमचं ठीक नाही हे सुकन्या रोज सांगते, म्हणून तुमची खुशाली विचारत नाही. फोन दिला की तुम्ही मान फिरवता म्हणे, जीभ जड झालीय म्हणून. माझ्यापुढं कसली आलीय लाज? पण असो. तुमचे डोळे शाबूत आहेत, तेव्हा वाचा. उद्या बिभीषणचा भाऊ तिकडं पुण्याला चाललाय, त्याच्या हाती हे पत्र देते.

ज्वारीची कणसं भरली. राखणीला बायडाबाई जाते आणि पाखरांपेक्षा तीच जास्त ओरडते. शेळीला दोन करडं झाली. नदीचं पाणी यंदा अजून वरपर्यंत आहे, आपल्या बाभळीच्या बुडाशी.

आता काठीचं. तुम्ही निरोप धाडला की गळाची काठी बिभीषणला देऊन टाक, मला आता तिचा काय उपयोग. नाही दिली. तो जाळेवाला माणूस, तिच्यानं चिंचा पाडील. शिवाय मला तुमचा रागही आला होता. अर्धं अंग गेलं म्हणून माणूस घरातल्या वस्तू वाटायला लागतो का?

तर दुसऱ्याच दिवशी मीच ती काठी घेऊन नदीवर गेले. हसू नका. रत्नागिरीच्या बंदर खात्यातून रिटायर होऊन आलात तेव्हा ही परदेशी काठी आणि गळाला बांधायच्या पिसांच्या खोट्या माश्यांची डबी घेऊन आलात, आणि सहा वर्षं त्या एका माशाच्या मागं लागलात. डोळे पाण्यावर काढून टोळीनं हिंडणारा मासा दिसला की म्हणायचात, ही खाडीतल्या बोयीची गोड्या पाण्यातली बहीण. बिभीषणच्या जाळ्यात पाटीभर यायच्या, तुमच्या पिसाच्या माशीला एक अडकली नाही. तो आपल्यातली एक देऊ करायचा तर तुम्ही दोन दिवस त्याच्याशी बोलायचा नाहीत. मी किटली घेऊन काठावर बसायचे आणि मनात म्हणायचे, एवढा शहाणा माणूस आणि मासा याला येडा करतोय.

पहिले चार दिवस दोरी बाभळीत, नाहीतर माझ्या पदरात. बिभीषण होडीतून ओरडला, "वैनी, मासं धरताय का म्हशी हाकताय?" म्हटलं, तू तुझं जाळं बघ. पण त्याची नजर बारीक. पाचव्या दिवशी जवळ येऊन म्हणाला, "वैनी, तुमी डावऱ्या हाय का? दोरी गुतली की डाव्या हातानंच सोडवताय. मंग काठी का उजव्यात धरलीय?"

एक्केचाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

तुम्हाला आठवत नसेल. लग्नाला आठ दिवस झाले होते, मी तुमच्या ताटात डाव्या हातानं भाकरी वाढली. सासूबाई काही बोलायच्या आत तुम्हीच ताट सरकवलंत आणि उठलात. त्या दिवसापासून चुलीपुढं मी डावा हात पदराखाली ठेवून काम शिकले. भाकऱ्या वाकड्या व्हायच्या, बोटं भाजायची. पुढं उजव्याला वळण लागलं. आज राग म्हणून लिहीत नाही. पण राग होता, आणि पुष्कळ वर्षं होता.

मी काठी डाव्या हातात घेतली. दोरी मागं टाकायची, सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढं सोडायची, हे तुमच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ होतं. हाताला लगेच जमलं असं नाही, पण हात आपला वाटला.

परवा सोमवारी सकाळी टोळी बाभळीखाली आली. मी पांढऱ्या पिसाची माशी त्यांच्या पुढं टाकली. एकीनं ती ओठानं नुसती चोखली. तुम्ही अशा वेळी हिसका द्यायचात, आबा, हे मी सहा वर्षं बघितलंय. तोंड मऊ असतं, फाटतं, म्हणून हिसका देऊ नये, असं सांगायचातही तुम्हीच. मी सावकाश काठी उचलली. ती अशी पळाली की चक्री कुरकुरत राहिली. काठावर आणली तेव्हा दीड वीत भरली. बिभीषण म्हणाला कालवण करा. मी सोडून दिली. तुमच्याआधी मी खाल्ली असती तर जन्मभर ऐकवलं असतंत.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. डॉक्टरांनी सुकन्याला सांगितलंय की तुमचा उजवा हात आता पूर्वीसारखा होणार नाही. थोडाफार हलेल, घास उचलणार नाही. तुम्ही खचाल म्हणून ती सांगत नाही, मलाही तिनं शपथ घातली होती. शपथ मी मोडली. कारण तुम्ही त्या हाताची वाट बघत उपाशी बसलाय. पोरगी भरवायला आली की तोंड फिरवता, डाव्या हातानं घास घेत नाही. दोन महिन्यांत अकरा किलो उतरलात. मला भीती वाटते हो. त्या हातापायी तुम्ही मला सोडून जाल, याची मला फार भीती वाटते.

माझा तो जन्माचा हात, तरी काठी धरायला मला एवढे दिवस लागले. तुम्हाला वर्ष लागेल. लागू दे. मी शिकवीन.

काल भर दुपारी मी ओट्यावर ताट घेऊन बसले आणि डाव्या हातानं जेवले. बायडाबाई वाटेतच थांबली. म्हणाली, "अगं बाई, असं उलट्या हातानं का जेवतीस? कुनी मेलं का काय?"

म्हटलं, "न्हाई. कुनी मरू नये म्हनून जेवतीय."

सुकन्याला सांगितलंय, रविवारी तुम्हाला घेऊन ये. मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी करीन, ओट्यावरच वाढीन, गल्लीला दिसू दे. आणि वाढीन डाव्या हातानं. ताट सरकवायचं असलं तर सरकवा, पण तेही तुम्हाला डाव्या हातानंच करावं लागेल.

रविवारी तुमच्या शेजारी जेवायला बसणारी,
मनकर्णा