विटांच्या हीटरला रजा

२३ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून घरातली ऊब हा विषय माझ्या ताब्यात. आमच्या इमारतीत गॅस नाही, सगळं विजेवर. स्कॉटलंडमधल्या या डंडी गावाचा हिवाळा आणि विजेचं बिल दरवर्षी संगनमत करून मला लुटतात. यंदा ते बंद. बस डेपोत तीस वर्षं वेळापत्रकं केली, तीन खोल्यांची ऊब म्हणजे काय मोठंसं?
इश्बेल म्हणाली, "मर्डो, आधी मोरीचा नळ बघ." बायकोची नजर नळापलीकडे जात नाही.

२५ ऑक्टोबर
लेकीचा, कर्स्टीचा फोन. आमची नात एफी पाच महिन्यांची झाली, अजून एकदाही या घरात आलेली नाही. कर्स्टी म्हणाली, "बाबा, वर्षअखेरीला येते, पण घरात अठरा अंश हवेत. तुमचे प्रयोग चालू असतील तर सरळ सासरी जाते." तिच्या सासूचे एफीबरोबर आधीच चाळीस फोटो आहेत. म्हटलं, ये तर खरी.

२८ ऑक्टोबर
दुकानात पाहणी. पंख्याचा हीटर: लगेच गरम, पण बोललेलं ऐकू येत नाही. तेलाचा: आपण खोलीतून निघालो की तापतो. भिंतीवरचा: पोट भाजतं, पाठ गार. निर्णय आठवडाभरात.
तोवर घरातले जुने विटांचे हीटर बंद. रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवायच्या आणि दिवसभर त्यांची ऊब घ्यायची. मी काय वीटभट्टी लावली आहे?

६ नोव्हेंबर, शुक्रवार
चमत्कार! सगळे हीटर बंद आणि थर्मामीटरवर अठरा. भिंतीला लावलेली चंदेरी फॉईल आणि दाराखाली सरकवलेली कापडी गुंडाळी, बस. सगळ्यात स्वस्त हीटर म्हणजे हीटरच नको! टॅटी मांजर चारही पाय पसरून, पोट टेकून गालिच्यावर पडलेली असते. मुक्या जनावराला कळतं.
इश्बेलने नेहमीप्रमाणे पातेलंभर सूप खाली रेनीबाईंना दिलं. दर शुक्रवारी! आपण काय अन्नछत्र उघडलंय?

२० नोव्हेंबर
बाहेर बर्फ, आत अठरा. इश्बेल म्हणाली, "पायाखालचा गालिचा कसा उबदार लागतो, नाही का?" म्हटलं, फॉईल! माझ्याकडे बघून खूप हसली. कौतुकाने.

५ डिसेंबर
इमारतीतल्या सगळ्यांचा चहा. मी तक्ता लावून पंचवीस मिनिटं बोललो. रेनीबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, बरोबर आमच्या खाली राहतात. चारही विटांचे हीटर पूर्ण लावलेले, त्यांच्याकडे गेलं की घाम फुटतो. त्यांनी विचारलं, "मर्डो बाळा, म्हणजे माझेही बंद केले तर चालतील?" म्हटलं, "आजच करा, रेनीबाई. फॉईल मी लावून देतो." लगेच लावूनही दिली.
इश्बेलने टेबलाखालून मला लाथ मारली. बिस्किटं हवी असतील.

९ डिसेंबर
पंधरा. थर्मामीटर बिघडला. नवा आणला.

१० डिसेंबर
नव्यावर चौदा. हल्ली मालच असा येतो.

१४ डिसेंबर
फॉईलचा दुसरा थर. इश्बेल म्हणते, "रेनीबाईंना सांग, हीटर लावा म्हणून." त्यांच्या हीटरचा इथे काय संबंध? म्हणाली, "मी काल सांगून आले, तर म्हणतात, मर्डोने तक्ता काढून दाखवलाय. आता तूच सांग." बघा, मला मानणारं कोणीतरी आहे.
टॅटी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात राहायला गेली.

१९ डिसेंबर
तत्त्वाला किंचित मुरड. पंख्याचा, तेलाचा, भिंतीवरचा, तिन्ही हीटर आणले. एकदम लावले. मेन स्विच पडला. इश्बेलचा केक अर्धा कच्चा राहिला. तिन्ही हीटर दुकानात परत.

२८ डिसेंबर, दुपार
रेनीबाई वर आल्या. दोन कोट, टोपी, काखेत गरम पाण्याची पिशवी. म्हणाल्या, "बाळा, माझ्याकडे काही तुझी फॉईल चालेना. तुझ्याकडे अठरा असतात ना, म्हणून जरा शेकायला आले." थर्मामीटर बघितला. बारा. मग माझ्याकडे बघितलं आणि इतक्या हसल्या की खुर्चीत बसावं लागलं. "अरे मेल्या, माझ्याच छताची ऊब खात होतास की रे!"
इश्बेलने चहा ठेवला. "मग सूप मी कशासाठी देत होते?"
कप घेताना रेनीबाईंची बोटं लागली. बर्फ. माझ्या भाषणापायी ही बाई तीन आठवडे थंडीत बसली. फार लाज वाटली. खाली जाऊन चारही हीटर मी स्वतः लावले, फॉईल काढली. पण विटा आधी रात्रभर तापणार, मग त्यांचं छत, मग आमचा गालिचा.
आमच्याही विटा लावल्या. एक हीटर चालतोय. बाकीच्या दोन्हींच्या वायरी मीच ऑक्टोबरमध्ये कापून ठेवल्या होत्या.

३१ डिसेंबर, दुपार
कर्स्टी आली. सोळा! बॅग उघडली नाही. "सासूबाईंना फोन करू का, बाबा?" इश्बेलने एफीला उचललं आणि तडक खाली गेली. मागोमाग आम्ही, मागोमाग टॅटी. एफी रेनीबाईंच्या मांडीवर, पायमोजे काढलेले, बोटं नाचवत. जेवण सगळ्यांचं तिथेच. फोटो मी काढले, एक्केचाळीस. सगळ्या फोटोंत मागे रेनीबाईंचा हीटर आला आहे.

१ जानेवारी, शुक्रवार, सकाळी नऊ
नव्या वर्षी उंबरा ओलांडणाऱ्या पहिल्या माणसाने कोळसा आणायचा, म्हणजे घर वर्षभर उबदार राहतं. जाळायला या इमारतीत एक चूल नाही, पण रीत ती रीत. रेनीबाईंसाठी मी खडा आणूनच ठेवला होता. बूट चढवतोय तोच बेल वाजली. दारात त्याच. हातात कोळसा, माझ्याच फॉईलमध्ये गुंडाळलेला. "घे बाळा. तुझी फॉईल अखेर कामाला आली."
थर्मामीटरवर अठरा. कर्स्टीने बॅग उघडली.
इश्बेलने सूप चढवलंय, गाजरं मी सोलली. मोठं पातेलं काढायला मीच सांगितलं. ऊब हा विषय इश्बेलकडे परत. नवं वेळापत्रक: दर शुक्रवारी साडेबारा, सूप, खालचा मजला, नेणार मी.
नळ उद्या.